फ्रँक चॅपमन : पाखरांची शिरगणती

पाखरांच्या शिरगणतीची प्रथा अमेरिकेत ज्यांनी पाडली, ते फ्रँक चॅपमन मूळचे बँकेतले नोकरदार. फायलींत हयात घालविलेल्या आम्हांस त्यांचे चरित्र म्हणूनच जवळचे वाटते.

1864 साली न्यू जर्सीतील एंगलवुड येथे त्यांचा जन्म झाला. महाविद्यालयाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. 1886 साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांत त्यांनी स्त्रियांच्या 700 टोप्या न्याहाळल्या. 542 टोप्यांवर पाखरांची पिसे होती! त्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि 1888 मध्ये ते तेथील निसर्गेतिहास संग्रहालयात रुजू झाले.

त्या काळी नाताळात गटागटाने पाखरे मारण्याची चढाओढ चाले. 1900 साली चॅपमन यांनी मारण्याऐवजी मोजण्याचा पायंडा घातला. पहिल्या गणतीस 27 माणसे लाभली. 1945 साली चॅपमन निवर्तले. गणती चालूच राहिली.

तिचे मोल पुढे कळले. रस्टी ब्लॅकबर्ड हा गायक पक्ष्यांच्या गणातील प्रवासी. तो कॅनडा-अलास्काच्या दुर्गम पाणथळ रानांत घरटी बांधतो व हिवाळ्यास अमेरिकेच्या आग्नेय भागात उतरतो. त्या रानांत त्याला मोजणार कोण? 1999 साली त्याची मोठी घट अभ्यासकांनी उघडकीस आणली, तेव्हा हौशी मंडळींच्या नाताळच्या नोंदीच कामी आल्या. 2014 ते 2016 मध्ये त्याचे परतीच्या वाटेवरील थांबे शोधण्यासही अशीच मंडळी धावली.

घरापासून दूर हिवाळा कंठणाऱ्या पाखराची कोणी नोंद ठेवली, म्हणून त्याची उणीव जाणवली. मंडळाची पन्नास वर्षांची सभासद-वही आम्हांस म्हणूनच मोलाची वाटते.