साथीच्या काळातील सावित्रीमाई

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचे स्मरण आपण दरवर्षी आद्य शिक्षिका म्हणून करतो. ते यथार्थच आहे. परंतु त्यांच्या आयुष्याचे अखेरचे दिवसही तितकेच अभ्यासण्याजोगे आहेत, असे आम्हांस वाटते. साथीच्या काळात भयभीत लोकांपर्यंत कसे पोहोचावे, याचा तो वस्तुपाठ आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने डोके वर काढले. ताप, काखेत वा जांघेत गाठ आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. उंदरांवरील पिसवांमुळे रोग पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखविले. तोवर सरकारही अंधारातच चाचपडत होते. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेण्याचे हुकूम निघाले. तेथे माणसे मारली जातात, अशा अफवा उठल्या आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. सरकारच्या हाती अधिकार आला. लोकांचा विश्वास मात्र आला नाही.

त्याच सुमारास साथ पुण्यात पसरली. फुले दांपत्याचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर हडपसरच्या बाजूला ससाण्यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. साहासष्ट वर्षांच्या सावित्रीमाई स्वतः वस्त्यांमध्ये जाऊन रुग्ण आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे सांगितले जाते. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, अशा घरातील लेकरू, तेही प्लेगने ग्रासलेले, आपल्या पाठीवर घेणे! दवाखान्यात माणूस मारायला नेत नाहीत, हे पटवून देणारी याहून स्पष्ट भाषा कोणती?

ही भाषा लोकांना कळली, कारण सावित्रीमाई वस्तीत प्रथमच आल्या नव्हत्या. १८४८ पासून अंगावर चिखल-शेण झेलीत त्यांनी मुलींना शिकविले होते. १८६३ मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, १८७७ च्या दुष्काळात भुकेल्या मुलांना अन्न दिले. एकोणपन्नास वर्षे जोडलेले हे नाते साथीत कामी आले.

सेवा करताना त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निर्वाण झाले. रँडच्या घरझडत्यांच्या काळात त्या काम करीत होत्या, असे काही वेळा लिहिले जाते. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही येथे कालक्रम स्पष्ट करतो : गोऱ्या सोजिरांकरवी झडत्या सुरू झाल्या त्या माईंच्या निधनानंतर, मार्चच्या मध्यापासून. सोजीर देवघरात, स्वयंपाकघरात शिरले, स्त्रियांची अप्रतिष्ठा झाली. लोक रुग्ण लपवू लागले आणि २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. रुग्णाला वेगळे ठेवावे, हे माईंनाही मान्य होते. शहराबाहेरचा दवाखाना त्यासाठीच होता. फरक होता तो दारात कोण उभे आहे आणि कसे उभे आहे, याचा.

करोनाच्या काळात लस घ्यावी की नाही, हे विचारण्यासाठी अनेक पालकांनी आम्हा शिक्षकांना फोन केले होते. आम्ही डॉक्टर नव्हतो. पण त्यांची मुले आमच्यापाशी राहिली, जेवली, शिकली होती. आम्ही आधी स्वतः लस घेतली, माहीत होते तेवढेच सांगितले आणि पुढचे डॉक्टरांना विचारण्यास सुचविले. आज आपले माजी विद्यार्थी परिचारिका, आरोग्यसेवक, शिक्षक म्हणून गावोगावी काम करीत आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे : साथ येईल तेव्हा लोक ओळखीच्या माणसाचेच ऐकतील. ती ओळख साथीपूर्वीच करून ठेवावी लागते. माईंनी ती आयुष्यभर केली.