कै. शेठ वालचंद हिराचंद : व्यापार, राजसत्ता आणि समाज

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत एका दिवंगत कर्तृत्ववान पुरुषाचे चरित्र देण्याची प्रथा आहे. नुसते गुणवर्णन करून हात जोडणे हा त्या प्रथेचा उद्देश नव्हे. पूर्वजांपुढे जे पेच उभे राहिले, तेच निराळ्या वेषात आपल्याही दारी येत असतात. त्यांनी ते कसे सोडविले, कोठे त्यांना माघार घ्यावी लागली, हे जाणून घेतले तरच स्मरणाचे सार्थक होते. या दृष्टीने कै. शेठ वालचंद हिराचंद यांचे चरित्र व्यापारात असणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने डोळसपणे वाचावे असे आहे.

वालचंदशेठांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. पूर्वज गुजरातेतून व्यापारानिमित्त आलेले. घरी कापसाचा व्यापार व सावकारी असा पिढीजात व्यवहार. बालपणीच मातृछत्र हरपले. सोलापूर, मुंबई व पुणे येथे शिक्षण झाले. परंतु पदवी न घेताच ते व्यवसायाकडे वळले. घरच्या पेढीवर बसून हिशेब पाहण्यात त्यांचे मन रमेना. सावकारीचा पैसा घरातून घरात फिरतो, नवे काही निर्माण करीत नाही, अशी त्यांची भावना असावी, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून वाटते.

रेल्वेत कारकुनी केलेले श्री. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे त्यांना भागीदार लाभले. एकाजवळ कामाची माहिती, दुसऱ्याजवळ भांडवल व पत. जैन व्यापारी आणि ब्राह्मण कारकून यांची ही जोडी त्या काळी अनेकांस नवलाची वाटली असेल. परंतु १९०३ च्या सुमारास बार्शी लाईट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेल्या या भागीदारीने ठेकेदारीच्या क्षेत्रात नाव मिळविले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारी बांधकामे मिळाली. त्यानंतर बोरघाटातील बोगदे आणि मुंबईस पाणी पुरविणाऱ्या तानसा जलवाहिनीचे काम अशी मोठी कामे त्यांच्या कंपन्यांनी पार पाडली. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शेठजींच्या संपत्तीचा पाया सरकारी कामांवर उभा होता. ज्याची भाकरी सरकारी ठेक्यावर पिकते, त्याने सरकारपुढे मान वर करू नये, हा जगाचा सर्वसाधारण न्याय. शेठजींनी तो मानला नाही. घेतलेले काम चोख करावयाचे, त्याचा ठरलेला मोबदला घ्यावयाचा, आणि अन्याय दिसेल तेथे स्पष्ट बोलावयाचे, असा त्यांचा बाणा होता. चोख कामाने मिळविलेला मोबदला म्हणजे मिंधेपणा नव्हे, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

त्याची खरी कसोटी समुद्रावर लागली. हिंदुस्थानचा किनारा हजारो मैलांचा; परंतु किनाऱ्यावरील वाहतूक जवळजवळ सर्वस्वी ब्रिटिश कंपन्यांच्या हाती. अशा वेळी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी महायुद्धात रुग्णसेवेसाठी दिलेली ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट विक्रीस निघाल्याचे शेठजींच्या कानी आले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास या मित्रांसह त्यांनी ती विकत घेतली. २७ मार्च १९१९ रोजी साडेचार कोटी रुपयांच्या भांडवलाची सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी नोंदविण्यात आली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. हाच दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. व्यापाराच्या दृष्टीने ही बोट फायद्याची ठरली नाही. १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. पण तिने उघडलेली वाट बुजली नाही.

नवी कंपनी निघताच प्रस्थापित कंपन्यांनी भाडेयुद्ध पुकारले. भाडी इतकी उतरविण्यात आली की, नवख्यास तोटा सोसवणे अशक्य व्हावे. याहून सूक्ष्म असे दुसरे शस्त्र होते. ते विलंबित सवलतीचे. व्यापाऱ्याने आपला सर्व माल एकाच गटाच्या जहाजांतून पाठविला, तर भाड्याचा काही अंश त्यास काही महिन्यांनी परत मिळे. मध्ये एकदा जरी त्याने परक्या जहाजात माल भरला, तरी साचलेली सर्व सवलत बुडे. म्हणजे व्यापाऱ्याचाच पैसा ओलीस ठेवून त्याला बांधून ठेवावयाचे! देशी कंपनीविषयी आस्था असलेला व्यापारीही या भीतीने दूर राही. कायद्याने यास बंदी नव्हती. परंतु कायद्यास चालते ते सर्वच नीतीस चालते असे नाही, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

या ब्रिटिश कंपन्यांचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप होते. आणि १९२२-२३ मध्ये हिंदुस्थान सरकारने खर्चकपातीसाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्षही तेच! देशाच्या तिजोरीस सल्ला देणारा आणि देशी उद्योगाशी झुंजणारा पुरुष एकच. सत्ता व मक्तेदारी एकाच खुर्चीवर बसली म्हणजे न्याय मागावयाचा कोणाकडे, हा प्रश्न सिंधियाच्या चालकांपुढे उभा राहिला. सिंधिया कंपनी विकत घेण्याचा प्रस्तावही आला. तो स्वीकारला असता तर चालकांचा वैयक्तिक तोटा झाला नसता. पण कंपनी संपली असती. तो नाकारण्यात आला.

तथापि लढा पुढे रेटण्याइतके बळ नव्हते. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार करावा लागला. सिंधियाने किती टनांची जहाजे बाळगावी यावर मर्यादा आली. उतारूंची वाहतूक करावयाची नाही, परदेशच्या वाहतुकीत शिरावयाचे नाही, अशी बंधने आली. शेठजींना हा करार मनातून मुळीच रुचला नव्हता. तो त्यांना दास्यपत्रासारखा वाटे. मग त्यांनी तो का मान्य केला? भागधारकांचा पैसा हा त्यांचा स्वतःचा नव्हता. स्वतःच्या अभिमानासाठी स्वतःचे घर जाळण्याचा अधिकार माणसास असेल. परंतु विश्वासाने ठेवलेल्या दुसऱ्याच्या ठेवीची होळी करण्याचा नाही. कंपनी जिवंत राहिली तर पुढे लढता येईल, हा विचार प्रबळ ठरला. आणि एकदा सही केल्यावर लढ्याचे क्षेत्र बदलले. ते बाजारातून कायदेमंडळात आले.

१९२३ च्या मर्कंटाईल मरीन कमिटीने किनारी वाहतूक क्रमाक्रमाने देशी जहाजांसाठी राखावी आणि देशी तरुणांस नौकानयनाचे शिक्षण द्यावे, अशी शिफारस केली. शिक्षणाचा भाग मान्य होऊन १९२७ मध्ये ‘डफरिन’ हे शिक्षणजहाज सुरू झाले. वाहतुकीचा भाग मात्र बाजूस पडला. १९२८ मध्ये श्री. साराभाई नेमचंद हाजी यांनी किनारी वाहतूक राखून ठेवणारे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले. सरकारने त्यास विरोध केला. पुढे १९३५ च्या कायद्यात तर ब्रिटिश व्यापाराविरुद्ध भेदभाव करण्यास मज्जाव करणारी कलमेच घालण्यात आली. दरम्यान १९२९ मध्ये नरोत्तमशेठ निवर्तले व सिंधियाचे अध्यक्षपद शेठजींकडे आले; ते त्यांनी १९५० पर्यंत सांभाळले. १९२७ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचेही ते पहिले अध्यक्ष होते. एकट्या व्यापाऱ्याने सरकारच्या दारी जाणे म्हणजे याचना. संघटित व्यापाऱ्यांनी उघडपणे जाणे म्हणजे नागरिकांचा हक्क, हे त्यांनी ओळखले होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी तीन मोठी कामे अंगावर घेतली. म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. कलकत्त्यास जागा न मिळाल्यामुळे विशाखापट्टणम् येथे जहाजबांधणीचा कारखाना काढण्याचे ठरले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविण्यात आली. १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली व कुर्ल्यास कारखाना उभा राहिला.

या तिन्हींच्या वाट्याला सरकारचे निरनिराळे रूप आले. विमानांची युद्धास गरज होती. म्हणून सरकार आधी भागीदार झाले आणि १९४२ मध्ये शेठजींचे भाग विकत घेऊन त्यांना बाहेर पडावयास लावले. मोटारीच्या कारखान्यास युद्धकाळात हवे ते साहाय्य मिळाले नाही. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम्‌वर जपानी बॉम्ब पडले व जहाजांचे काम खंडित झाले. तरीही १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ समुद्रात उतरली. पुढे १९५२ मध्ये हा कारखाना मुख्यतः सरकारी मालकीच्या कंपनीकडे गेला, आणि १९६१ मध्ये सर्वस्वी सरकारचा झाला. परकीय सरकारशी झगडून उभे केलेले काम स्वकीय सरकारने हाती घेतले! यात व्यक्तीवर अन्याय झाला की राष्ट्राचे हित साधले, याविषयी आजही मतभेद होऊ शकतील. जहाजबांधणीसारखा अवाढव्य खर्चाचा उद्योग सरकारी आधाराशिवाय तगणे कठीण होते, हे मात्र मान्य केले पाहिजे.

चरित्रकाराने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राष्ट्राच्या नावाने शेठजी स्वतःच्या कंपन्यांसाठी संरक्षण मागतात, असा आक्षेप त्यांच्या हयातीतही घेतला जाई. एकावर एक योजना हाती घेण्याच्या त्यांच्या हव्यासामुळे भांडवलाची ओढाताण होई, हेही खरे. शेतीचेच पहा. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव व पुणे जिल्ह्यातील कळंब येथील माळरानावर त्यांनी उसाचे मळे फुलविले, साखरेचे कारखाने काढले. कळंबचे वालचंदनगर झाले. तेथे शाळा, घरे, दवाखाना आणि पुढे यंत्रांचा कारखानाही आला. हजारो कुटुंबांस काम मिळाले. परंतु महाराष्ट्रातील खाजगी साखर कारखान्यांच्या मळ्यांत शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनीही होत्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर हे मळे शेती महामंडळाकडे गेले आणि मूळच्या खंडकरी शेतकऱ्यांस जमीन परत मिळविण्यासाठी पुढे अनेक दशके झगडावे लागले. उद्योगाने समाजास काय दिले हे मोजताना कोणाकडून काय घेतले, हेही त्याच वहीत लिहिले पाहिजे.

१९४९ मध्ये शेठजींना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. योगायोग असा की, किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखण्याचे त्यांचे ध्येय त्याच सुमारास प्रत्यक्षात आले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९५५ पासून त्यांचे नाव धारण करीत आहे.

आज सिंधियाची जहाजे समुद्रावर नाहीत. प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेली ‘पद्मिनी’ टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून अखेरची निघून गेली. बंगळूरचा विमानांचा कारखाना मात्र १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीच्या रूपाने चालू आहे. मालकी बदलली, नावे बदलली. लावलेल्या झाडांची फळे कोणी खावी हे लावणाऱ्याच्या हाती राहिले नाही.

आपल्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. खोटी मापे वापरणे, भेसळीचा माल खरा म्हणून देणे, यांच्या जोडीला राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून व्यापार करणे हाही त्यांत एक दोष गणला आहे. ज्या आचार्यांनी हे लिहिले, त्यांनी दुकानातील मापाची आणि राज्याच्या मर्यादेची नीती एकाच व्रतात गुंफली. शेठजींचा काळ अधिक बिकट. कारण राज्यच परकीय व पक्षपाती होते. तरीसुद्धा त्यांनी कायदा चुकविण्याची आडवाट न धरता तो बदलून घेण्याचा राजमार्ग धरला. मोठ्यांशी करार करावा लागला तेव्हा तो केला. पण तो अन्याय्य आहे हे सांगण्याचे सोडले नाही.

आपल्या समाजातील तरुण आज भागीदारीतून कंपन्यांत, पेढीतून शेअरबाजारात शिरत आहेत. सरकारी निविदा, करांचे नियम, मोठ्या कंपन्यांची दांडगाई, हे सर्व त्यांच्याही वाट्यास येईल. तेव्हा काम चोख ठेवावे, दुसऱ्याच्या ठेवीस स्वतःच्या अभिमानाहून अधिक जपावे, न्याय मागावयाचा तो उघड मागावा, आणि आपल्या उद्योगाची झळ कोणास लागते याचाही हिशेब ठेवावा. वालचंदशेठांच्या पुण्यस्मृतीस यापेक्षा निराळी आदरांजली ती कोणती?