पेनिसिलिनला पहिल्या दिवसापासून न जुमानणारा जंतू आणि अलेक्झांडर फ्लेमिंग

सीओपीडी हा फुफ्फुसांचा जुनाट आजार. सिगारेट, विडी, वर्षानुवर्षं चुलीचा धूर ही त्याची नेहमीची कारणं. या पेशंटचा त्रास मधूनच एकदम वाढतो. धाप लागते, कफ घट्ट आणि हिरवट होतो. यामागे कधी व्हायरस असतो, कधी बॅक्टेरिया. बॅक्टेरियांच्या यादीत एक नाव कायम वर असतं, हिमोफिलस इन्फ्लुएंझा.

हा जंतू पेनिसिलिनच्या शोधाच्या अगदी मध्यभागी होता, पण तो भाग सहसा कोणी सांगत नाही.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ चा, स्कॉटलंडमधल्या एका शेतकरी कुटुंबातला. ते सात वर्षांचे असताना वडील गेले. पुढे लंडनला येऊन त्यांनी जहाज कंपनीत चार वर्षं कारकुनी केली. काकांच्या इस्टेटीतून थोडे पैसे मिळाले तेव्हा कुठे डॉक्टरकीचा विचार सुरू झाला. सेंट मेरीज कॉलेज निवडलं, कारण त्यांच्या टीमविरुद्ध ते वॉटर पोलो खेळले होते! शिक्षण संपल्यावरही ते तिथेच राहिले, तेही रायफल क्लबला चांगला नेमबाज सोडायचा नव्हता म्हणून. काम मिळालं आल्मरॉथ राइट यांच्या लस विभागात.

इथे हा जंतू येतो. १८९२ पासून डॉक्टरांचा समज होता की फ्लू याच जंतूमुळे होतो. नावातला इन्फ्लुएंझा तिथूनच आला. (फ्लूचा खरा व्हायरस माणसात सापडला १९३३ मध्ये. नाव मात्र तसंच राहिलं.) त्यामुळे या जंतूची लस बनवायची, तर तो आधी वेगळा वाढवायला हवा. अडचण अशी की घशातला नमुना बशीत घातला की बाकीचे जंतू भराभर वाढायचे आणि हा दबून जायचा.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर काय झालं, ते शाळेच्या पुस्तकात आहेच. बशीत बुरशी आली होती आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळले होते. फ्लेमिंग यांनी बुरशीच्या रसाला पेनिसिलिन नाव दिलं. मग एकेक जंतूवर तो वापरून पाहिला, तर काही मरत होते, काही नाही. न मरणाऱ्यांत हिमोफिलस होता.

दुसरा कोणी इथे हिरमुसला असता. फ्लेमिंग यांनी त्याचाच उपयोग करून घेतला. बशीत पेनिसिलिन टाकायचं, बाकीचे जंतू रोखले जातात आणि हिमोफिलस एकटा वाढतो. पीक तसंच ठेवून तण मारणारं औषध असतं ना, तसंच. १९२९ च्या त्यांच्या गाजलेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातही हाच उपयोग आहे. जगाला वाचवणारं औषध सुरुवातीची काही वर्षं प्रयोगशाळेतलं तणनाशक होतं.

त्याचं औषध केलं ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. गंमत बघा, पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम जंतूंमध्ये असतं, हे चेन आणि अब्राहम यांनी डिसेंबर १९४० मध्येच छापलं होतं. त्यांच्या पहिल्या आजारी पेशंटला पेनिसिलिन टोचलं गेलं फेब्रुवारी १९४१ मध्ये. म्हणजे औषधाच्या आधी त्याचा तोडगा हजर!

१९४५ मध्ये फ्लोरी आणि चेन यांच्यासोबत फ्लेमिंग यांना नोबेल मिळालं. भाषणात त्यांनी एक काल्पनिक माणूस उभा केला. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच थोडंसं पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. तेच जंतू बायकोला जातात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. नोबेलच्या मंचावर आपल्याच औषधाच्या अपयशाची गोष्ट सांगणं सोपं नसावं.

११ मार्च १९५५ रोजी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. त्याच सुमारास पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागलं होतं.

हिमोफिलसचं काय झालं? १९६१ मध्ये आलेलं अँपिसिलिन त्याच्यावर चाललं. पण १९७० च्या दशकात त्याच्याही काही जाती पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम बनवताना दिसल्या. यावरचा उपाय पुन्हा सूक्ष्मजीवांकडूनच आला. स्ट्रेप्टोमायसिस गटातल्या एका बॅक्टेरियात क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड सापडलं. ते स्वतः जंतू फारसे मारत नाही. जंतूचं एन्झाइम त्याच्यावर तुटून पडतं आणि तिथेच निकामी होतं. तेवढ्यात सोबतचं अमॉक्सिसिलिन आपलं काम करतं. ही जोडगोळी १९८१ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आली. आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती आजही सारखी दिसते, सीओपीडीचा त्रास वाढलेल्या पेशंटच्या चिठ्ठीवरही.

अर्थात हिमोफिलस तिथेही थांबलेला नाही. काही जातींनी एन्झाइमचा नाद सोडून, औषध पेशीत ज्या प्रोटीनला चिकटतं त्याचाच आकार बदलला आहे. तिथे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचा उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये ज्या जंतूंसाठी नवी औषधं हवीत त्यांची यादी काढली, त्यात अँपिसिलिनला न जुमानणारा हिमोफिलस इन्फ्लुएंझा आहे.