मेणाच्या चेहऱ्यांचा शिल्पकार

कागदाच्या लगद्यापासून हुबेहूब फळे बनविणारा एक कारागीर त्वचारोगशास्त्राचा मोठा शिक्षक ठरला, यावर आज सहजासहजी विश्वास बसत नाही. त्या कारागिराचे नाव ज्यूल बारेत्ता. १८३३ साली बेल्जियममधील लिएज येथे जन्मलेले बारेत्ता पॅरिसच्या पासाज जुफ्रुआ या छताखालच्या बाजारपेठेत आपला व्यवसाय करीत. वैद्यकाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

त्याच शहरात सेंट लुई रुग्णालय होते. प्लेगच्या रुग्णांसाठी १६०७ साली उभारणी सुरू झालेले हे रुग्णालय एकोणिसाव्या शतकात त्वचारोगांचे प्रमुख केंद्र बनले होते. तेथील डॉ. शार्ल लायेर यांच्यासमोर एक अडचण होती. त्वचेचा रोग डोळ्यांनी ओळखायचा असतो. पण ग्रंथातील वर्णन अपुरे पडे आणि चित्रात गाठीचा उंचवटा किंवा व्रणाची कड नीट उमटत नसे. बारेत्तांची फळे पाहून लायेर प्रभावित झाले आणि त्यांनी या कारागिराला रुग्णालयात आणले.

बारेत्तांची पहिली प्रतिकृती १८६७ सालची. रुग्णाच्या त्वचेवर थेट प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यात रंगीत मेणाचे मिश्रण ओतायचे, मग बारीकसारीक छटा आणि केस बसवायचे, अशी ही पद्धत. मिश्रणाचे नेमके प्रमाण त्यांनी गुप्तच ठेवले. कडेला पांढरे कापड लावून प्रतिकृती काळ्या फळीवर चढविली, की पाहणाऱ्याला समोर जिवंत माणूस असल्याचा भास होई.

१८८४ साली ते रुग्णालयातील संग्रहालयाचे अभिरक्षक झाले. १८८९ मध्ये त्वचारोगतज्ज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद याच संग्रहालयात भरली. १९२३ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या हातच्या सुमारे दोन हजार प्रतिकृती मागे उरल्या होत्या. इतरांची भर पडून हा संग्रह ४८०० च्या आसपास गेला. १९९२ साली त्याला ऐतिहासिक वारशाचे संरक्षण मिळाले.

या संग्रहात कुष्ठरोग आणि उपदंशाबरोबर त्वचेचा कर्करोगही आहे. साधी न भरणारी जखम आणि कर्करोग यांतला फरक तरुण डॉक्टर येथे शिकले. ज्याच्या चेहऱ्यावर प्लास्टर थापले जाई, तो रुग्ण मात्र या शिक्षणात विद्यार्थी नव्हता. तो केवळ साधन होता. आपल्या चेहऱ्यावर काय वाढते आहे, हे त्याला कोणी प्रतिकृती दाखवून समजावीत नसे.

आता ती उणीव भरून निघू लागली आहे. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेच्या थरांची प्रतिकृती रुग्णाच्या हाती देता येते. वरून मसुराएवढा दिसणारा डाग आत किती पसरू शकतो, भोवतालची निरोगी दिसणारी त्वचा का काढावी लागते आणि पुढे जखम कशी झाकली जाते, हे त्याला बोटाने चाचपून कळते. अशा रुग्णाची संमती केवळ कागदावरची सही राहत नाही. बारेत्तांनी जे डॉक्टरांसाठी घडविले, त्याचा खरा हक्कदार रुग्णही होता.