आयडाबाई वेल्स

भगिनींनो, नुसते आकडे नीट मांडूनही केवढ्या अन्यायाला तोंड देता येते, हे मला अमेरिकेतील कृष्णवर्णीय बाई आयडा वेल्स यांच्या चरित्रावरून उमगले.

त्या १८६२ साली मिसिसिपीत गुलामगिरीतच जन्मल्या. सोळाव्या वर्षी आईवडील पीतज्वराने गेले. धाकट्या भावंडांसाठी त्या मास्तरीण झाल्या. आगगाडीत बायकांच्या डब्यातून ओढून काढले, तेव्हा त्यांनी दावा लावून पाचशे डॉलर मिळवले. वरच्या कोर्टाने १८८७ मध्ये तो निकाल फिरवला.

१८९२ साली मेम्फिसला त्यांचे स्नेही टॉमस मॉस व दोन सोबत्यांना गोऱ्या जमावाने तुरुंगातून काढून ठार मारले. अशा हत्यांचे समर्थन बहुधा स्त्रीवरील अत्याचाराचा आळ पुढे करून करीत. इथे भांडणाचे मूळ किराणा दुकानात होते. मॉस यांचे दुकान गोऱ्या वाण्याचे गिऱ्हाईक ओढी. बाईंनी गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतून अशा हत्यांची नावे, गावे, कारणे टिपली. सुमारे तिसऱ्या हिश्श्यातच तो आळ तरी होता! जमावाने त्यांचा छापखाना फोडला, गाव सुटले; तरी १८९५ मध्ये ‘द रेड रेकॉर्ड’ निघालेच.

मला बोचते ते १९१३ सालचे. वॉशिंग्टनला मताधिकारासाठी बायकांची मिरवणूक होती. दक्षिणेकडच्या बायका रुसतील म्हणून तिथल्या पुढारी भगिनींनीच बाईंना मागे चालायला सांगितले. मिरवणूक निघाल्यावर बाई गर्दीतून आल्या आणि आपल्या इलिनॉयच्या तुकडीत, दोन गोऱ्या मैत्रिणींच्या मध्ये चालू लागल्या.

१९३१ साली त्या वारल्या. जमावहत्येविरुद्ध केंद्राचा कायदा तिकडे २०२२ साली झाला.