ज्वारीच्या खोडकिड्याच्या नावापुढे कंसात बसलेला कर्नल : गोष्ट पतंगवेड्या चार्ल्स स्विन्होची

कृषी महाविद्यालयातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला ज्वारीवरच्या खोडकिड्याचं शास्त्रीय नाव विचारा. उत्तर येईल, चिलो पार्टेलस. पुस्तक उघडून बघितलं तर या नावापुढे कंसात आणखी एक शब्द आणि एक साल छापलेलं दिसतं. स्विन्हो, १८८५.

परीक्षेत मार्क जाऊ नयेत म्हणून पोरं हा कंस पाठ करतात. पण हा स्विन्हो कोण होता, आणि आपल्या ज्वारीवरच्या किड्याशी त्याचा काय संबंध, हे फारसं कुणी सांगत नाही.

तर हा स्विन्हो म्हणजे ब्रिटिश फौजेतला एक कर्नल. मुंबईतल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या, म्हणजेच बीएनएचएसच्या आठ संस्थापकांपैकी एक. वाघांची शिकार करणारा, लढाईवर गेला तरी पक्षी गोळा करणारा, आणि आयुष्याची शेवटची चाळीसेक वर्षं दिव्यावर झेप घेणाऱ्या पतंगांना नावं देण्यात घालवणारा माणूस.

फौजेत नोकरी, डोक्यात पाखरं

चार्ल्स स्विन्होचा जन्म १८३८ सालचा, कलकत्त्यातला. त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट स्विन्हो हा चीन आणि तैवानमध्ये ब्रिटिशांचा वकील म्हणून काम करायचा आणि तिथले पक्षी-प्राणी अभ्यासायचा. आजही तैवानमधल्या एका देखण्या फेझंट पक्ष्याला इंग्रजीत स्विन्होचंच नाव आहे. म्हणजे निसर्गाचं वेड घरातच होतं.

चार्ल्स मात्र १८५५ साली, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास, फौजेत भरती झाला. क्रिमियाच्या युद्धावर गेला, १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानात आला आणि मग बॉम्बे स्टाफ कोअरमध्ये, म्हणजे मुंबई इलाख्याच्या फौजेत दाखल झाला. पुढची त्याची बरीचशी नोकरी याच भागात गेली.

१८८० साली दुसरं अफगाण युद्ध पेटलेलं होतं. स्विन्हो जनरल रॉबर्ट्सच्या फौजेबरोबर कंदाहारला होता. तिथे आणि परतीच्या वाटेवर त्यानं तीनशेहून जास्त पक्ष्यांचे नमुने जमवले. मग त्यावर लंडनच्या ‘आयबिस’ या पक्षीशास्त्राच्या नियतकालिकात लेख लिहिला आणि ब्रिटिश म्युझियमला सुमारे ३०० नमुने देऊन टाकले.

पण त्याचा खरा जीव जडला होता तो फुलपाखरांवर, आणि त्याहून जास्त पतंगांवर.

भायखळ्यात जमलेले आठ जण

१५ सप्टेंबर १८८३. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे राणीच्या बागेला लागून असलेल्या आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसं एकत्र आली. दर महिन्याला भेटायचं, प्राण्या-पक्ष्यांबद्दलच्या नोंदी एकमेकांना सांगायच्या, कुणाला काही वेगळं सापडलं असेल तर ते सगळ्यांना दाखवायचं, एवढाच साधा बेत होता. यातूनच बीएनएचएस उभी राहिली.

या आठांमध्ये दोन मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे आणि औषधी वनस्पतींचे मोठे जाणकार होते. पुढे खटल्यामुळे देशभर गाजलेल्या डॉ. रखमाबाईंचे ते सावत्र वडील. बाकीचे सहा इंग्रज. त्यांच्यात ‘ईहा’ या टोपणनावानं मिश्किल लेखन करणारा एडवर्ड एटकेन होता आणि कर्नल होऊ घातलेला चार्ल्स स्विन्होही होता.

१८८४ च्या जानेवारीत सोसायटीचा मुक्काम फोर्टात हलला. फोर्ब्स स्ट्रीटवर हर्बर्ट फिप्सन यांचं वाईनचं दुकान होतं. त्यांनी तिथे सोसायटीला जागा दिली. दारूच्या बाटल्यांच्या शेजारी नमुन्यांची कपाटं, असा तो थाट होता.

सोसायटीचं स्वतःचं जर्नल मात्र १८८६ साली सुरू झालं. त्यामुळे स्विन्होनं मुंबई, पुणे आणि दख्खनमधल्या फुलपाखरांवर आणि पतंगांवर लिहिलेला मोठा लेख छापून आला तो लंडनमध्ये, तिथल्या झूलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात. साल १८८५. हा लेख चार हप्त्यांत छापावा लागला, एवढा तो लांब होता. आणि याच लेखात एका फिक्या, गवताच्या काडीच्या रंगाच्या पतंगाला त्यानं ‘पार्टेलस’ हे नाव दिलं.

नवीन प्रजाती ‘सापडते’ म्हणजे नक्की काय होतं?

एखादा पतंग आधी कुणी पाहिलाच नव्हता, असं बहुतेक वेळा नसतं. शेतकऱ्यानं पाहिलेला असतो, कंदिलाशेजारी बसलेल्या पोरानं पाहिलेला असतो. शास्त्राच्या दृष्टीनं तो ‘नवा’ ठरतो तो त्याचं वर्णन छापून आल्यावर.

त्यासाठी आधी पतंग हातात हवा. तो टाचणीवर लावायचा, पंख नीट पसरून वाळवायचा आणि खाली चिठ्ठी लावायची. कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणी पकडला. ही चिठ्ठी हरवली तर नमुन्याची किंमत जवळजवळ शून्य.

मग सुरू होतं खरं डोकेदुखीचं काम. आजवर नाव मिळालेल्या जवळच्या सगळ्या पतंगांशी तो ताडून बघायचा. पंखांवरच्या रेषा, ठिपके, कडेची झालर, मिशा, पायांवरचे काटे. तरीही तो कुठेच बसत नसेल, तर त्याचं शब्दांत वर्णन लिहायचं, दोन शब्दांचं नाव ठेवायचं आणि छापायचं. पहिला शब्द जीनसचा, म्हणजे आडनावासारखा. दुसरा त्या प्रजातीचा स्वतःचा. ज्या नमुन्यावरून वर्णन केलं तो ‘टाइप’, म्हणजे मूळ नमुना, म्हणून जपून ठेवायचा. पुढे कधीही वाद झाला तर निकाल त्या मूळ नमुन्यावरून लागतो.

पतंगांच्या बाबतीत हे काम जास्तच अवघड असतं. एकाच प्रजातीचे नर आणि मादी इतके वेगळे दिसू शकतात की दोन प्रजाती वाटाव्यात. उलट दोन वेगळ्या प्रजाती जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. पूर्वी याचा निवाडा करायला फक्त डोळे, भिंग आणि आठवण एवढंच हाताशी असायचं.

एकच पतंग, दोन नावं

स्विन्होही इथे चुकला. आणि चुकला तो याच पतंगाच्या बाबतीत.

१८८४ साली त्यानं कराचीच्या परिसरातल्या पतंगांवर लेख लिहिला होता. त्यात एका पतंगाला ‘झोनेलस’ असं नाव दिलं होतं. पुढच्याच वर्षी दख्खनच्या लेखात ‘पार्टेलस’ आला. त्याच्या लेखी या दोन वेगळ्या प्रजाती होत्या. नंतरच्या अभ्यासकांनी तपासलं तेव्हा दोन्ही एकच निघाले.

आता नाव कुठलं ठेवायचं? प्राणीशास्त्रात नियम असा की जे नाव आधी छापलं गेलं, ते टिकतं. त्या हिशेबानं कराचीचं नाव राहायला हवं होतं. पण या नियमाला अपवादही आहेत. एकाच जीनसमध्ये तेच नाव आधीच दुसऱ्या कुणाला दिलेलं असेल, तर नंतरचं बाद होतं. कराचीचं नाव या प्रजातीसाठी चालणार नाही असं ठरलं आणि दख्खनच्या लेखातलं ‘पार्टेलस’ टिकलं. तोवर भारतातल्या शेतीच्या पुस्तकांत कित्येक दशकं चिलो झोनेलस हेच नाव छापलं जात होतं. जुन्या पुस्तकात एक नाव आणि नव्या पुस्तकात दुसरं दिसलं, तर किडा तोच आहे.

आता त्या कंसाचंही उत्तर. स्विन्होनं हा पतंग ‘क्रॅम्बस’ या जीनसमध्ये टाकला होता. पुढे तो ‘चिलो’ या जीनसमध्ये हलवला गेला. नाव देणाऱ्यानं जीनस एक ठरवला होता आणि आज तो दुसरा आहे, हे दाखवायला नाव देणाऱ्याला कंसात ठेवतात. म्हणजे कंस हा मान पण आहे आणि दुरुस्तीची खूण पण.

त्या नावाचं शेतकऱ्याला काय?

हा काडीच्या रंगाचा पतंग स्वतः पिकाला काही करत नाही. मादी पानावर चपटी, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक अंडी घालते. अळ्या बाहेर पडल्या की पोंग्यात शिरतात. पानं उलगडली की त्यावर एका ओळीत बारीक भोकं दिसतात. मग अळी खोडात घुसते आणि आतून पोखरत जाते. कोवळ्या रोपाचा मधला पोंगा वाळून जातो. याला शेतकरी पोंगेमर म्हणतात.

ज्वारी आणि मका या दोन्ही पिकांचा हा मोठा शत्रू आहे. सोलापूर-नगरकडच्या शेतकऱ्याचं पोट ज्वारीवर, आणि घाटावरून येऊन परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणाऱ्या कामगाराच्या ताटातली भाकरीही ज्वारी-बाजरीचीच. त्यामुळे हा प्रश्न शेताच्या बांधापुरता कधीच नव्हता.

पुढे हा किडा आशियातून आफ्रिकेत पोहोचला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आजच्या मलावीमध्ये नोंदला गेला आणि तिथे त्याला नवीन प्रजाती समजून आणखी एक नाव मिळालं. हळूहळू पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या मक्याची त्यानं वाट लावली.

त्याला आवरायचं कसं? शास्त्रज्ञांनी विचार केला की हा पाहुणा मूळचा आशियातला, तर त्याचा शत्रूही आशियातच शोधावा. कोटेशिया फ्लेविपिस नावाची एक चिमुकली गांधीलमाशी या अळीच्या अंगात अंडी घालते आणि तिला संपवते. १९९३ साली पाकिस्तानातून आणलेल्या या माश्या केनियात सोडल्या गेल्या आणि तिथे त्या टिकल्या.

पण ही माशी प्रत्येक खोडकिड्यावर चालत नाही. आफ्रिकेतल्याच दुसऱ्या एका खोडकिड्याच्या अंगात तिची अंडी तग धरत नाहीत. म्हणजे शेतात नक्की कुठली अळी आहे आणि ती मूळची कुठली, हे ओळखता आलं नसतं तर उपाय कुठे शोधायचा हेही कळलं नसतं. मलावीतला ‘नवा’ पतंग म्हणजे दख्खनचा जुनाच पार्टेलस, हे ताडून बघण्याचं काम त्यासाठी आधी व्हावं लागलं.

ऑक्सफर्ड आणि शेवटची वर्षं

स्विन्हो १८८५ साली कर्नल झाला. त्याच सुमारास कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या एव्हरार्ड कोट्सबरोबर त्यानं भारतातल्या पतंगांची सूची करायला घेतली. निवृत्तीनंतर तो इंग्लंडला गेला आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संग्रहातले पूर्वेकडचे आणि ऑस्ट्रेलियातले पतंग लावायला बसला. या कामाचे दोन खंड १८९२ आणि १९०० साली निघाले. फ्रान्सिस वॉकर नावाच्या अभ्यासकानं आधी घाईघाईत नावं दिलेले कित्येक मूळ नमुने तिथे होते. ते पुन्हा तपासायचे, दुहेरी नावं शोधायची, चुकीच्या जागी बसलेला पतंग योग्य जागी हलवायचा. नवी प्रजाती जाहीर करण्याचं कौतुक होतं, पण हे निस्तरण्याचं काम कुणाला दिसत नाही. ऑक्सफर्डनं मात्र त्याची दखल घेतली आणि स्विन्होला मानद एम.ए. दिली.

त्याच्या स्वतःच्या संग्रहात सुमारे ७,००० प्रजातींचे ४०,००० नमुने होते, आणि त्यातल्या जवळपास ४०० प्रजातींना त्यानंच नाव दिलेलं होतं. १९०७ साली फ्रेडरिक मूर वारला तेव्हा ‘लेपिडोप्टेरा इंडिका’ हा भारतीय फुलपाखरांवरचा दहा खंडांचा ग्रंथ अर्धवट राहिला होता. त्याचे शेवटचे खंड स्विन्होनं पूर्ण केले. ऐंशी ओलांडल्यावरही तो केसाळ अळ्यांच्या पतंगांच्या एका मोठ्या कुळाची फेरमांडणी छापत होता. २ डिसेंबर १९२३ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी तो गेला.

एक गोष्ट मात्र आजही खटकते. स्विन्होनं नाव दिलेल्या बहुतेक पतंगांचे मूळ नमुने लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत. पतंग इथला, पण शंका आली की खात्री करायला भारतीय अभ्यासकाला तिकडचे फोटो मागवावे लागतात, नाहीतर विमानानं जावं लागतं. आणि चिठ्ठ्यांवर साहेबाचं नाव राहिलं, तरी रानोमाळ फिरून किडे पकडून देणाऱ्या इथल्या माणसांची नावं त्या काळच्या संग्रहांत क्वचितच सापडतात.

काम अजून संपलेलं नाही. भारतात आजवर दहा हजारांहून जास्त पतंगांच्या प्रजाती नोंदल्या गेल्यात आणि सह्याद्रीतून नवीन नावं येतच आहेत. आता जोडीला मायक्रोस्कोपखालचं विच्छेदन आणि डीएनए तपासणी आहे. पण क्रम तोच आहे. नमुना, चिठ्ठी, तुलना, वर्णन आणि जपून ठेवलेला टाइप.

त्यामुळे पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली अनोळखी पतंग दिसला तर फोटो जरूर काढा, आणि फोटोबरोबर जागा आणि तारीखही लिहून ठेवा. स्विन्होच्या टाचणीखालच्या चिठ्ठीवरही तेच असायचं.