हिमप्रदेशातील विद्यार्थी

फ्रिड्जॉफ नान्सेन यांचा जन्म नॉर्वे देशात १८६१ साली झाला. प्राणिशास्त्र शिकत असता, १८८२ मध्ये, ते शिकारी जहाजातून उत्तरेच्या हिमसागरात गेले. तेथून दिसलेला ग्रीनलंडचा किनारा त्यांच्या मनात घर करून राहिला.

१८८८ साली पाच सोबत्यांसह त्यांनी ग्रीनलंडचे हिमपठार पूर्वेकडून पश्चिमेस ओलांडले. परंतु मायदेशी जाणारे जहाज चुकले व हिवाळा तेथेच काढणे प्राप्त झाले. तेथील इन्युइट लोकांना पुष्कळ युरोपीय रानटी समजत. नान्सेन मात्र त्यांच्यात राहिले आणि कयाक ही कातड्याची होडी चालविण्यास त्यांच्यापासून शिकले.

ही विद्या पुढे कामास आली. उत्तर ध्रुवाच्या वाटेवरून परतताना, १८९६ मध्ये, नान्सेन व त्यांचा सोबती कयाकांतून प्रवास करीत होते. एकदा त्या बांधून ठेवलेल्या होड्या सर्व सामानासह वाहून चालल्या. त्या गेल्या तर मरण निश्चित! नान्सेन यांनी बर्फगार पाण्यात उडी घेऊन त्या परत आणल्या.

महायुद्धानंतर त्यांनी असंख्य निर्वासितांना साहाय्य केले. त्याबद्दल १९२२ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३० मध्ये ते निवर्तले.

मुलांनो, आपल्या बालाघाटात मेंढ्या राखणाऱ्या धनगरापाशीही पुष्कळ ज्ञान असते. विनयाने विचारणाऱ्यासच ते लाभते.